पावसाळ्याच्या मापानं कपाट: कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेच्या कपड्यांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाई माध्यमिक शाळेत शिकवतात. वय चाळिशीच्या थोडं पुढे. घर कोल्हापूर शहरात, शाळा गगनबावडा रस्त्यावरच्या एका गावात. रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर स्कूटर, आठवड्याचे सहा दिवस शाळा, शनिवारी अर्धा दिवस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कपडे, मापं आणि खर्च यांचे आकडे त्यांच्याच वहीतले आहेत.

सुरुवातीला मोजदाद केली तेव्हा कपाटात ८६ नग निघाले: कुर्ते ३१, सलवारी-लेगिंग-पँट मिळून १७, ओढण्या १४ आणि साड्या २४. न शिवलेले ९ ड्रेसपीस आणि ब्लाउजपिसांचा एक गठ्ठा यात धरलेला नाही. इतकं असूनही सकाळी साडेनवाला कपाटापुढे उभं राहिलं की हात त्याच चार-पाच कुर्त्यांकडे जायचा.

शाळेत काय घालायचं याला चौकट होतीच. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या. महिलांसाठी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा. जीन्स, टी-शर्ट, गडद रंग, चित्रविचित्र नक्षी नको. कपाटातले काही कुर्ते तेवढ्यानंच बाजूला पडले आणि त्या जागी घाईनं पाच नवे आले. प्रकरण खरं तिथून सुरू झालं, कारण त्या पाचांतले तीन दिवाळीपर्यंतही टिकले नाहीत.

नेमकी अडचण काय होती

बाईंना वाटत होतं की कपडे फार झालेत, निम्मे देऊन टाकले की सुटलो. ते अर्धंच खरं होतं. एकही कपडा न टाकता चार आठवडे नोंद ठेवायची असं ठरलं. घातलेला कुर्ता धुऊन परत ठेवताना घडी उलट्या बाजूनं ठेवायची, एवढीच खूण. महिन्याअखेरीस ३१ पैकी ९ कुर्त्यांच्या घड्या उलट झाल्या होत्या. १७ खालच्या कपड्यांपैकी फक्त ४ वापरात आले होते.

उरलेले २२ कुर्ते एकेक करून अंगात घालून पाहिले आणि प्रत्येकापुढे न घालण्याचं कारण लिहिलं. सात काखेत किंवा छातीत घट्ट. सहांना जुळणारी सलवार किंवा ओढणी नाही. पाच आटलेले, विटलेले किंवा गोळे धरलेले. दोन पारदर्शक, आतून स्लिप घातल्याशिवाय चालणार नाहीत असे. दोन आहेरात आलेले, मुळातच नावडते. या यादीत ‘कंटाळा आला’ असं कारण जवळपास नाही. बहुतेक दोष शिवणीचे किंवा कापडाचे, आणि दुकानात दोन मिनिटं दिली असती तर तिथेच दिसले असते.

आटलेल्या आणि विटलेल्या पाचांपैकी चार रेयॉनचे होते. हातात घेतलं की रेयॉन मऊ लागतं, सुरेख पडतं आणि स्वस्तही असतं. पण ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. मशीनमध्ये ते नेमकं ओलं असतानाच पिळलं जातं, म्हणून शिवणीजवळचे धागे सरकतात आणि पाच-सहा धुण्यांत कुर्ता वयस्कर दिसायला लागतो. दोष धुण्याचा नव्हता, रोज धुवायच्या कपड्यासाठी ते कापड निवडलं हाच मूळ घोटाळा.

दुसरं कारण आपल्याकडचंच आहे. ८६ पैकी २२ नग बाईंनी विकत घेतलेलेच नव्हते. आहेर, ओटी, भाऊबीज, मानपान यांतून ते आले होते. खरेदीवर कितीही ताबा ठेवला तरी ही वाट उघडीच राहते. मोजक्या कपड्यांबद्दल जे लिहिलं जातं त्यात ही गोष्ट सहसा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

किती कपडे पुरे?

इंटरनेटवर तेहतीस, चाळीस असे आकडे फिरतात. कोल्हापुरात हा आकडा पाऊस ठरवतो. एप्रिलमध्ये गच्चीवर टाकलेला जाड सुती कुर्ता तीन-चार तासांत वाळतो. जुलैत घरात, पंख्याखाली, मशीनमध्ये दोनदा फिरवून टाकलेला तोच कुर्ता दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दमट राहतो. त्यात गगनबावड्याच्या दिशेनं जावं तसा पाऊस वाढतच जातो.

म्हणून हिशेब असा मांडला. पावसाळ्यात रोज एक कुर्ता अंगावर. तीन दोरीवर, कारण हलकं कापडही हवा दमट असली की इस्त्रीजोगं व्हायला दोन दिवस घेतं, एखादा तिसऱ्यावर जातो. एक इस्त्रीत. दोन राखीव, कारण ट्रकनं चिखल उडवला की त्या दिवशीचा कपडा बाद. एकूण सात, आणि हे सातही लवकर वाळणारे हवेत. ऑक्टोबर ते मेसाठी चार जाड सुती. म्हणजे शाळेसाठी अकरा कुर्ते. पुण्या-सोलापुरात राहणाऱ्याचा आकडा याहून कमी येईल, तो त्यानं आपल्या दोरीवरून काढावा.

हा हिशेब इतका सरळ मांडला असला तरी तो पहिल्या पावसाळ्यानंतर सुचला. त्याआधी काय झालं ते पुढे येतं.

विचारात घेतलेले पर्याय

*सगळं तयार, चांगल्या ब्रँडचं.* वेळ वाचतो, अंगात घालून बघता येतं. पण बाईंचे खांदे अरुंद आणि दंड जाड. तयार मापात छाती बसली की मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) काचतो. शिवाय तयार कपड्यात शिवणीची माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, जेमतेम अर्धा इंच असते, त्यामुळे पुढे उसवून सैल करायला जागा राहत नाही. घट्ट झालेल्या सात कुर्त्यांपैकी फक्त तीन सैल करता आले, आणि ते तिन्ही शिंप्याकडून शिवलेले होते.

*फक्त साड्या.* साडीला मापाची भानगड नाही, वजन वाढलं तरी ती नेसता येते आणि टिकतेही. पण रोज स्कूटर, त्यात पाऊस, त्यात साडेपाच मीटर कापड वाळवायचं. हा पर्याय उन्हाळ्यापुरता आणि समारंभापुरता ठेवला.

*कापड घेऊन शिवणं.* शेवटी हाच मार्ग घेतला. कोल्हापूरकराला याची सोय जवळ आहे. महाद्वार रोड आणि लक्ष्मीपुरीत मीटरवर कापड मिळतं, गांधीनगरला घाऊक बाजार आहे. इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर. तिथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि आजही पॉपलीन, केंब्रिकसारखं साधं सुती कापड तिथे ताग्यांनी निघतं. ताग्यातून कापड घेण्याचा मोठा फायदा म्हणजे ते उलगडून उजेडात धरता येतं. पिशवीत सीलबंद ड्रेसपीसचं तसं होत नाही.

कापड कसं पारखलं

कापड पारखताना पाच गोष्टी केल्या आणि त्या याच क्रमानं कराव्यात असं आम्ही सुचवतो.

पहिलं, एक पदर उजेडाकडे धरून पलीकडे हात फिरवायचा. बोटं वेगवेगळी मोजता आली तर अस्तराशिवाय ते कापड चालणार नाही. दुसरं, कोपरा दोन्ही हातांनी खसखसून चोळायचा. पांढरी भुकटी पडली तर कापडाचा जाडपणा खळीचा आहे, पहिल्या धुण्यात तो निघून जाईल. तिसरं, पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूवर दहा वेळा घासायचा. रुमालावर रंग उतरला तर घामानंही उतरेल. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका, कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. चौथं, कडेचा एक धागा ओढून घेऊन तो बाहेर जाऊन पेटवायचा. कागद जळाल्यासारखा वास आणि बोटांत विरणारी करडी राख आली तर सुती किंवा रेयॉन. धागा वितळून टणक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्ही लक्षणं दिसली तर मिश्र सूत.

पाचवी पारख घरच्या वजनकाट्यावर करायची. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अडीच मीटर कापड म्हणजे साधारण २.८ चौरस मीटर. तो तुकडा ३३५ ग्रॅम भरला तर चौरस मीटरला १२० ग्रॅम. कुर्त्याला १०० ते १३० ग्रॅम उत्तम. १६०च्या वर गेलं तर ते कोरड्या ऋतूतलं कापड समजावं. सुताचा नंबरही विचारून घ्यावा. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. ४० नंबरचं एकेरी सूत रोजच्या कुर्त्याला चांगलं चालतं, आणि दुपदरी सूत मिळालं तर दहा-वीस रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

पहिली खेप: फेब्रुवारी-मार्च

पहिल्या खेपेत चार कुर्ते आणि दोन पँट शिवायच्या ठरल्या. त्यातले दोन केंब्रिकचे, दोन जाड हातमाग कापडाचे, चौरस मीटरला १८० ग्रॅमच्या आसपास. बाईंचा कल ‘आता फक्त शुद्ध सुती’ असा होता. त्या भावनेला आमचा विरोध नाही, पण फेब्रुवारीत कापड हातात घेतलं की जुलै आठवत नाही.

कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं, न पिळता सावलीत वाळवलं आणि दमट असतानाच इस्त्री केली. भिजवण्यापूर्वी पेन्सिलीनं एक मीटरवर दोन खुणा केल्या होत्या. वाळल्यावर त्यांच्यात ९६ सेंटिमीटर अंतर उरलं. चार टक्के आटणं म्हणजे ४२ इंच लांबीच्या कुर्त्याला पावणेदोन इंच कमी. भिजवलं नसतं तर हा कुर्ता पहिल्या धुण्यानंतर गुडघ्याच्या वर गेला असता.

शिंप्याला चिठ्ठी लिहून दिली. दोन्ही बाजूंच्या शिवणींना एक इंच माया, मुंढ्याला पाऊण इंच. टाका इंचाला दहा ते बारा. कडा ओव्हरलॉक. बाजूच्या कटाच्या टोकाला आतून कापडाची छोटी पट्टी, कारण स्कूटरवर बसताना पहिला ताण तिथेच येतो. काखेत चौकोनी कळी, म्हणजे हात मोकळा फिरावा म्हणून जोडलेला तुकडा. मायेवरून शिंपी अडले: “बाई, एवढी माया ठिवली तर काखंत टोचंल की.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मुंढ्यावर जाड माया दुमडली जाते आणि घासते. तडजोड अशी झाली की मुंढ्याची माया अर्ध्या इंचावर आणायची आणि काखेखालच्या शिवणीत एक इंच राखायचा. कारागिराचं असं बोलणं ऐकून घ्यावं, चिठ्ठी त्यासाठीच लिहायची असते.

एक गोष्ट मात्र निसटली. वरचं कापड भिजवून दिलं, अस्तर शिंप्यानं आपल्याकडचं लावलं, तेही न भिजवलेलं. तिसऱ्या धुण्यानंतर अस्तर आटलं, वरचं कापड तसंच राहिलं, आणि एका केंब्रिक कुर्त्याच्या घेरावर झोळ आला. अस्तर खालून उसवून मोकळं सोडल्यावर तो गेला. अस्तर घेराच्या शिवणीत न अडकवता दीड इंच आखूड आणि सुटं ठेवलं की हा प्रश्न मुळातच येत नाही.

जुलैतला पेच

शाळा जूनच्या मध्यावर सुरू झाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही जाड कुर्त्यांना आंबूस वास यायला लागला. कापड बराच वेळ ओलं राहिलं की त्यात जिवाणू वाढतात, वास त्यांचा. गळ्याची पट्टी, काखेतली शिवण, कटाची पट्टी अशा दुहेरी-तिहेरी थरांच्या जागा शेवटी वाळतात आणि वासही तिथूनच सुरू होतो. बाई पुन्हा जुन्या रेयॉनच्या कुर्त्यांकडे वळल्या आणि दोन नवे ऑनलाइन मागवायच्या बेतात होत्या.

इथे खरा निर्णय होता. घाईनं दोन कुर्ते मागवायचे, की पावसाळा असाच काढून नीट मोजमाप करायचं? दुसरी वाट धरली आणि घरातल्या घरात वाळण्याची चाचणी घेतली. एकच खोली, एकच पंखा, मशीनमध्ये दोन फेरे, हँगरमध्ये चार बोटांचं अंतर. जाड हातमागाला ३४ तास लागले, केंब्रिकला १५, आणि जुन्या पॉलिएस्टर-सुती मिश्र कुर्त्याला ९.

यानंतर ‘फक्त शुद्ध सुती’ हा हट्ट सुटला. मिश्र कापडाचे तोटेही आहेत. पॉलिएस्टर घामाचा वास धरून ठेवतं, कालांतरानं गोळे धरतं आणि मे महिन्यात अंगाला चिकटतं. पण कोल्हापूरच्या जून-सप्टेंबरमध्ये ओला शुद्ध सुती कुर्ता घालण्यापेक्षा कोरडा मिश्र कुर्ता बरा. वासावर उपाय सोपा आहे: संध्याकाळी घरी आल्या आल्या काखेचा भाग साबण लावून चोळायचा, मग बाकीचा कुर्ता सवडीनं धुवायचा.

दोन्ही जाड कुर्ते धुऊन, उन्हाची एक तिरीप मिळाली त्या दिवशी पूर्ण वाळवून, खळ न देता कपाटात गेले. पावसाळ्यात खळ दिलेला कपडा ठेवू नये, बुरशीला ती आयतंच खाद्य असते.

दुसरी खेप: पितृपक्षात

पितृपक्षात आपल्याकडे नवे कपडे घेत नाहीत. त्यामुळे नवरात्र-दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी शिंप्याला तेवढेच दिवस निवांत असतात. बाईंनी कापड गणपतीच्या आधीच घेऊन, भिजवून ठेवलं होतं. पितृपक्षात शिवायला दिलं आणि घटस्थापनेनंतर अंगाला लावलं, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचंही मन राखलं गेलं. शिंप्यानं निवांतपणे एक कुर्ता आधी शिवून दिला, तो चार दिवस वापरून मुंढा पाव इंच खाली घेतला, मग उरलेले दोन शिवले. गर्दीच्या दिवसांत हे कोणी करून देत नाही.

या खेपेत तीन मिश्र कुर्ते आणि दोन पँट झाल्या. पँटचे रंग सगळ्या कुर्त्यांवर चालतील असेच घेतले: नेव्ही ब्लू, तपकिरी, मोतिया. नवा कुर्ता घेताना अट एकच, यांतल्या किमान दोन पँटवर तो चालला पाहिजे. लेगिंग हळूहळू बंद केल्या. त्यातलं लवचीक सूत ऊन, गरम पाणी आणि कडक इस्त्रीनं मरतं, आणि एकदा गुडघा सैल पडला की दुरुस्ती नाही.

आहेर, साड्या आणि चपला

आहेराला नाही म्हणता येत नाही, म्हणावंही नाही. जवळच्या चौघा-पाच जणींना सांगितलं की मला ड्रेसपीस नको, द्यायचंच तर शिलाईचे पैसे द्या. दोघींनी ऐकलं. ब्लाउजपिसांच्या साड्या ठेवायच्या पिशव्या शिवल्या.

२४ पैकी ११ साड्या राहिल्या. त्यात दोन इरकली आहेत. त्यातली एक रेशमी म्हणून घेतली होती, पण पदराच्या दशीचा धागा जाळल्यावर मणी झाला. साडी चांगलीच आहे, फक्त दाम रेशमाचा दिला गेला. विटलेल्या सुती साड्यांची वाकळ (गोधडी) शिवायला दिली. पॉलिएस्टरच्या साड्या वाकळेत घालू नयेत, टाके सरकतात आणि ऊबही येत नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाईंकडे एक जोड आहे, तो ऑक्टोबर ते मे. वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेलं ते चामडं पाण्यात भिजलं की फुगतं आणि थर सुटतात. पावसाळ्यासाठी साधी रबरी सँडल.

निष्पत्ती

साधारण वर्षभरानं शाळेसाठी अकरा कुर्ते वापरात आहेत: सात नवे, चार जुने. सात पावसाळ्यात चालणारे, चार जाड सुती. पँट सहा, ओढण्या पाच. वर्षाचा खर्च असा: कुर्ते ८,७५० रुपये, पँट ३,६००, दुरुस्ती १,७४०, दोन भागांचा चांगला रेनकोट १,६००. एकूण १५,६९०. आदल्या वर्षी अंदाजे १९,००० गेले होते. म्हणजे पहिल्या वर्षी बचत फार नाही, आणि कोणी तशी आशा दाखवली तर विश्वास ठेवू नये.

फरक दर वापराच्या किमतीत दिसतो. ४५० रुपयांचा रेयॉन कुर्ता पंधरा वेळा घालून गेला, म्हणजे वापरामागे ३० रुपये. १,२५० रुपयांचा शिवलेला केंब्रिक कुर्ता वर्षात चाळीस वेळा घातला आणि अजून चांगला आहे. आजच तो ३१ रुपयांवर आला आहे, दुसऱ्या वर्षाअखेरीस निम्म्यावर येईल.

वेगळं काय करता आलं असतं

वाळण्याची चाचणी आधी घ्यायला हवी होती. तिला जुलैची वाट पाहायची गरज नव्हती: घरात पॉलिएस्टर, केंब्रिक, खादी असं काही ना काही असतंच, आणि बंद खोलीत पंख्याशिवाय वाळवलं तर कोणतं कापड मागे राहतं हे जानेवारीतही कळतं. पहिल्या खेपेत चारऐवजी आधी एकच कुर्ता शिवून धुऊन पाहिला असता तर अस्तराचा दोष वेळेत कळला असता.

घट्ट झालेले चार कुर्ते अजून कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. त्यांना काखेपासून कंबरेपर्यंत दुसऱ्या कापडाची दीड इंची पट्टी जोडता येते, शिंप्यानं कुर्त्यामागे २०० रुपये सांगितले आहेत. आमच्या मते दोनच कुर्ते त्या लायकीचे आहेत, बाकी दोघांचं कापड पट्टीचे टाके धरणार नाही. न शिवलेल्या नऊ ड्रेसपिसांपैकी वजनकाट्यावर आणि ओल्या रुमालावर तीन उतरले. ते पुढच्या पितृपक्षात शिवायला जातील, तेही वापरातल्या अकरांतला एखादा तोवर जीर्ण झाला तर.